थ्री-रूम म्हणजे दोनच बेडरूम!

मंडळाच्या गेल्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत एक नवे जोडपे भेटले. पुण्याहून येऊन जेमतेम तीन आठवडे झालेले, कंपनीने दिलेल्या सर्व्हिस अपार्टमेंटचा शेवटचा आठवडा चालू. मी बेडोकला राहते म्हटल्यावर त्या मुलीने हातातला मोदक तसाच ठेवला आणि विचारले, "ताई, आम्ही बेडोक नॉर्थला एक थ्री-रूम बघितला. जाहिरातीत थ्री-रूम आणि आत गेल्यावर दोनच बेडरूम! एजंट फसवतोय का हो?"

फसवत नव्हता बिचारा. पण तिचा प्रश्न ऐकून मला माझे २०१७ साल आठवले. मीही अगदी हाच प्रश्न विचारला होता आणि ऑफिसातले सगळे हसले होते. आमचे बोलणे मागे उभ्या असलेल्या आपल्या संपादकांनी ऐकले आणि "हे सगळे लिहूनच द्या" म्हणून गळ घातली. मी शिकले सांगलीच्या वालचंद कॉलेजात, इंजिनीअरिंग. पोट भरते ते सॉफ्टवेअरवर. त्यामुळे लेखात आकडे जास्त आणि अलंकार कमी असतील, सांभाळून घ्या.

तर आधी तो खोल्यांचा घोळ. एचडीबी, म्हणजे सिंगापूर सरकारचे १९६० साली स्थापन झालेले गृहनिर्माण मंडळ. ते खोल्या मोजताना हॉलसुद्धा एक खोली धरते. म्हणून थ्री-रूम म्हणजे हॉल आणि दोन बेडरूम, आपल्या भाषेत टू-बीएचके. फोर-रूम म्हणजे थ्री-बीएचके. फाइव्ह-रूममध्ये बेडरूम तीनच, पण हॉल मोठा किंवा जेवणाची वेगळी जागा. बेडोकमधले जुने थ्री-रूम साधारण ६० ते ७० चौरस मीटरचे, म्हणजे सातशे चौरस फुटांच्या आसपास. फोर-रूम नव्वदच्या पुढे, फाइव्ह-रूम एकशेदहाच्या पुढे-मागे. हे चौरस मीटर घराच्या आतले असतात. पुण्यातल्यासारखे त्यात जिना, लॉबी आणि बिल्डरची कल्पनाशक्ती मिळवलेली नसते. कॉन्डोमध्ये मात्र नुसत्या बेडरूम मोजतात: टू-बेडरूम म्हणजे दोन बेडरूम आणि हॉल. आणि तिथे बाल्कनी, एअरकॉनचे यंत्र ठेवायचा कट्टा, हे सगळे बऱ्याचदा क्षेत्रफळात धरलेले असते. म्हणून सातशे फुटांचा कॉन्डो सातशे फुटांच्या एचडीबीपेक्षा लहान वाटला तर डोळे तपासून घेऊ नका.

आता आमची गोष्ट, कारण शिकलो ते तिच्यातून.

२०१७ साली आम्ही दोघे आलो तेव्हा बेडोक साउथला एका चिनी आंटींच्या घरात मास्टर बेडरूम घेतली. स्वयंपाकघर सामायिक, आणि करारात "लाइट कुकिंग ओन्ली" असे लिहिलेले. फोडणी लाइट की हेवी, हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. तो विचारला नाही आणि पहिल्या रविवारी कांदा-लसणाची खमंग आमटी केली. आंटी काही बोलल्या नाहीत. फक्त एकेक करून सगळ्या खिडक्या उघडल्या. पुढची तीन वर्षे आमच्याकडे लाइट म्हणजे वरण-भात, कुकरमध्ये.

लेक दोन वर्षांची झाली आणि सासूबाईंचे येणे-जाणे सुरू होणार म्हणून २०२१ च्या सप्टेंबरात फोर-रूम घेतला. भाडे २,१०० डॉलर, करार दोन वर्षांचा. तेव्हा वाटले फार देतोय! घर चांगले, लेकीची शाळा चालत आठ मिनिटांवर, खाली बाजार. पुढच्या दोन वर्षांत काय होणार आहे याची कल्पना ना आम्हाला ना मालकांना.

२०२३ च्या जूनमध्ये मालकांचा चार ओळींचा निरोप आला. ऑगस्टअखेर करार संपतो आहे, नवे भाडे ३,४००, राहायचे असल्यास आठवड्यात कळवा. मी तो निरोप तीनदा वाचला. मग इंजिनीअरच्या सवयीने कागद घेतला: महिना १,३०० जास्त, चोवीस महिन्यांचे ३१,२००. आमची सगळी शिल्लक त्याहून थोडीशीच जास्त होती.

मालकांना लोभी म्हणून मोकळे होणे सोपे होते, आणि दोन दिवस आम्ही म्हटलेही. पण ते काही जगावेगळे मागत नव्हते. कोविडमध्ये इमारतींची कामे रखडली, नवी घरे वेळेवर मिळेनात, ज्यांना घरे मिळायची होती तेच भाड्याने राहू लागले, आणि सीमा उघडताच परदेशी कर्मचारी परत आले. २०२२ या एका वर्षात खाजगी घरांच्या भाड्यांचा सरकारी निर्देशांक २९.७ टक्क्यांनी वाढला. २०२३ मध्ये आणखी ८.७ टक्के. २०२४ मध्ये तो १.९ टक्क्यांनी उतरला, पण चढलेल्या डोंगरावरून एक पायरी उतरावी तसा. एचडीबीची भाडीही याच वाटेने गेली. भाडेवाढीवर इथे कायद्याची मर्यादा नाही. करार संपला की मालक मागेल ते, आणि तुम्हाला परवडेल ते.

मग सुरू झाला घरशोध. पाच आठवड्यांत आम्ही चौदा घरे बघितली. फोन किती केले ते मोजले नाही, पण त्यातले बरेच एका वाक्यात संपले. "माफ करा, मालकांना भारतीय भाडेकरू नको." काही एजंट अवघडून सांगायचे, काही सरळ. एकीने विचारले, "नॉर्थ इंडियन की साउथ इंडियन?" मी म्हटले मधले! जाहिरातीत वंश-धर्माचा भेद करू नये असे एजंटांच्या नियामक संस्थेने, सीईएने, बजावलेले आहे, त्यामुळे छापील जाहिरातीत तसे फारसे दिसत नाही. फोनवर मात्र ऐकावे लागते. एका संध्याकाळी लागोपाठ चौथा नकार आल्यावर मी फोन आपटला आणि रडले, हे कबूल करते. लेक शेजारी चित्र काढत बसली होती. तिने विचारले, "आई, आपण भारतीय आहोत हे त्यांना फोनवरून कसं कळलं?"

सासूबाई तेव्हा इथेच होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, आपण कोल्हापूरची वरची खोली देताना काय कमी प्रश्न विचारले होते? जात विचारली, मटण खाता का विचारलं, एकटा मुलगा आला त्याला तर दारातूनच परत पाठवलं." त्यावर मला काही बोलता आले नाही. अपमान तेवढाच राहिला, पण घर तर शोधायचेच होते.

आम्ही पद्धत बदलली. फोनवर नाव-गाव सांगण्याऐवजी आधीच एक छोटा परिचय लिहून पाठवू लागलो: कुटुंबात कोण कोण, दोघांच्या नोकऱ्या, पासची मुदत, कधीपासून घर हवे, आधीचे भाडे कधी चुकवले नाही, रोज घरी स्वयंपाक होतो पण तळण क्वचित. शेवटचे वाक्य मुद्दाम. नकार यायचाच असेल तर तो बस पकडण्याआधी यावा. नकार तेवढेच आले, पण फुकटच्या चकरा वाचल्या. आणि एक गंमत. मुख्य भाडेकरू मी, पगाराची चिठ्ठी माझी, तरी निम्मे एजंट बोलायचे ते आमच्या ह्यांच्याशी. हेही मख्खपणे "आस्क माय वाइफ" म्हणत राहायचे.

सातव्या घरापाशी वाटले, संपला शोध. बेडोक रिझर्व्हॉयर रोडला फोर-रूम, २,९००, मालक मनमोकळे, खिडकीतून हिरवळ. लेटर ऑफ इंटेंट दिले, सोबत एक महिन्याचे भाडे. तिसऱ्या दिवशी एजंटचा फोन: ब्लॉकचा कोटा भरलाय. हा कोटा काय, ते आम्हाला सहा वर्षे इथे राहून माहीत नव्हते! १ जानेवारी २०१४ पासून नियम असा की मलेशियन सोडून इतर परदेशी भाडेकरूंना अख्खा एचडीबी फ्लॅट देता येतो तो वस्तीत ८ टक्के आणि ब्लॉकमध्ये ११ टक्के या मर्यादेतच. त्यावर गेले की मालकाला फक्त सिंगापूरकर किंवा मलेशियन भाडेकरू चालतात. नुसती खोली भाड्याने घेतली तर हा कोटा लागत नाही. मालकाची इच्छा कितीही असो, एचडीबीची मंजुरी नसेल तर काही होत नाही, आणि मंजुरीशिवाय राहिलात तर संकट दोघांवर. आमचे पैसे परत मिळाले, कारण पत्रात "एचडीबीची मंजुरी न मिळाल्यास पूर्ण रक्कम परत" हे वाक्य होते. ते वाक्य आमच्या शहाणपणाने आले नव्हते; एजंटाच्या छापील नमुन्यात होते. तुमच्या पत्रात ते आहे का ते मात्र बघून घ्या. आणि घर आवडल्यावर पहिला प्रश्न भाड्याचा विचारू नका, "या ब्लॉकचा कोटा शिल्लक आहे का?" हा विचारा.

शेवटी घर मिळाले ते चौदावे. थ्री-रूम, २,७००. एक खोली कमी, पण रोज झोप लागेल असे भाडे. मालक निवृत्त शाळामास्तर. त्यांनी स्वयंपाकाबद्दल विचारले, मी खरे सांगितले, ते म्हणाले, "मग एक्झॉस्ट फॅन बसवतो. महिन्यातून एकदा जाळी धुवा." विषय संपला.

त्या दिवशी खात्यातून किती गेले हे सांगते, कारण नव्याने येणाऱ्यांचा अंदाज इथेच चुकतो. डिपॉझिट दोन महिन्यांचे ५,४००; एक वर्षाचा करार असता तर साधारण एक महिन्याचे लागते. पहिल्या महिन्याचे आगाऊ भाडे २,७००. स्टॅम्प ड्यूटी: चार वर्षांपर्यंतच्या करारावर एकूण भाड्याच्या ०.४ टक्के. २,७०० गुणिले २४, म्हणजे ६४,८००, त्यावर २५९ डॉलर. ही भाडेकरूने भरायची आणि करार इथे सही झाला असेल तर चौदा दिवसांत. ती भरलेली नसेल तर उद्या भांडण झाल्यास करार पुरावा म्हणून पुढे करता येत नाही. एकूण ८,३५९. आम्ही स्वतःचा एजंट लावला नव्हता. लावला तर दोन वर्षांच्या करारासाठी साधारण एक महिन्याचे भाडे, एका वर्षासाठी अर्धे, आणि वर बहुधा जीएसटी, जो २०२४ पासून ९ टक्के आहे. दर कायद्याने ठरलेला नाही, घासाघीस चालते. एकच एजंट दोन्ही बाजूंकडून पैसे घेऊ शकत नाही, तशी बंदी आहे. मालकाचा एजंट तुमच्याकडेही कमिशन मागू लागला तर हसून नाही म्हणा. हे सगळे देताना जुन्या घराचे डिपॉझिट अजून जुन्या मालकाकडेच असते, हे विसरू नका. दोन डिपॉझिटे काही आठवडे एकाच वेळी अडकतात.

आता भाड्यांचे आकडे. २०२३ ते २०२५ या काळात मी स्वतः पाहिलेली आणि ओळखीच्यांनी दिलेली बेडोक परिसरातली भाडी ही. साधी खोली ८५० ते १,२००, स्वतःचे न्हाणीघर असलेली मास्टर बेडरूम १,२०० ते १,६००. एचडीबीचा थ्री-रूम २,५०० ते २,९००, फोर-रूम ३,००० ते ३,५००, फाइव्ह-रूम ३,४०० ते ३,९००. कॉन्डोत एक बेडरूम २,७०० ते ३,४००, दोन बेडरूम ३,५०० ते ४,५००, तीन बेडरूम साडेचार हजारांपासून सहा हजारांपर्यंत. समुद्राकडच्या बाजूला जुने पण ऐसपैस, स्टेशनांजवळ नवे पण चिमुकले. एकाच ब्लॉकमध्ये तीनशे-चारशेचा फरक सहज पडतो: मजला, सामान, रंगरंगोटी, आणि मालकाला किती घाई आहे यावर. जाहिरातीतला आकडा मागणीचा असतो. खरा सौदा कितीला झाला ते बघायचे असेल तर एचडीबी दर तिमाहीला गावागणिक मध्यम भाडी जाहीर करते, झालेल्या करारांची भाडी ब्लॉकनिहायही मिळतात. खाजगी घरांसाठी हेच काम यूआरए करते. मी ते आकडे छापून घर बघायला घेऊन जात असे. आमच्या ह्यांना लाज वाटायची, पण दोन ठिकाणी शंभर-शंभर कमी झाले.

भाड्यावर वीज-पाणी-गॅस वेगळे. आमच्या थ्री-रूमचे, रात्री एअरकॉन लावून, दीडशे ते दोनशे होते. सोसायटीचा खर्च आणि प्रॉपर्टी टॅक्स मालकाचा. आणि भारतातून येणाऱ्यांसाठी एक कडू गोळी: इथे एचआरएसारखी सवलत नाही. पगारातून भरलेल्या भाड्यावर आयकरात काही सूट नाही, उलट कंपनीने घरभत्ता दिला तर तोही उत्पन्नातच धरतात. ऑफर लेटर हातात आल्यावर गणित करताना हे आधी मांडा.

करारातले एक कलम पुन्हा पुन्हा वाचा: डिप्लोमॅटिक क्लॉज. नाव भारदस्त, अर्थ साधा. नोकरी गेली किंवा देशाबाहेर बदली झाली तर करार मध्येच मोडता येतो. दोन वर्षांच्या करारात साधारणपणे बारा महिने पूर्ण झाल्यावर, दोन महिन्यांची नोटीस देऊन. म्हणजे प्रत्यक्षात चौदा महिने तुम्ही बांधलेले. आता दुसरी बाजू बघा. एम्प्लॉयमेंट पास रद्द झाला की इथे राहायला साधारण तीस दिवस मिळतात. तुम्हाला देश सोडायला तीस दिवस, घर सोडायला साठ! ही तफावत कुणी समजावून सांगत नाही. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबावर हे आले. २०२३ मध्ये नोकरी गेली, करार एका वर्षाचा, त्यात हे कलमच नव्हते, आणि सात महिने बाकी. मालकाशी बोलून, नवा भाडेकरू स्वतः शोधून देऊन, एक डिपॉझिट सोडून ते सुटले. तेव्हापासून आम्ही तीन महिन्यांचे भाडे वेगळ्या खात्यात ठेवतो, त्याला हात लावत नाही. ह्यांनी त्या खात्याला "पळापळ फंड" असे नाव दिले आहे.

जुने घर सोडतानाचा प्रसंगही सांगायलाच हवा. चाव्या दिल्यावर दोन आठवड्यांनी जुन्या मालकांनी ४,२०० च्या डिपॉझिटमधून १,१५० कापल्याचे कळवले: रंगाचे ६५०, एअरकॉनच्या केमिकल वॉशचे ३२०, पडदे धुलाईचे १८०. मी शांतपणे फाइल काढली. राहायला गेलो त्या दिवशी प्रत्येक भिंतीचे, नळाचे, फरशीचे फोटो काढले होते, ते तेव्हाच मालकांना पाठवलेही होते. दर तीन महिन्यांच्या एअरकॉन सर्व्हिसिंगच्या आठही पावत्या होत्या. पडद्यांचे कलम करारात होते, ते मान्य केले. बाकीचे, वापराने होणारी नैसर्गिक झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही असे लिहून, फोटो जोडून पाठवले. शेवटच्या ओळीत स्मॉल क्लेम्स ट्रायब्युनलचा नम्र उल्लेख केला. दोन वर्षांपर्यंतच्या घरभाडे करारांचे वाद तिथे जातात, २०,००० डॉलरपर्यंत, वकिलाशिवाय. सहा दिवसांत ९७० डॉलर खात्यात आले. भांडण झाले नाही, आवाज चढला नाही. पावत्यांनीच काम केले.

फसवणुकीबद्दल थोडे, कारण यात आपले लोक भारतातूनच पैसे पाठवून बसतात. घर न बघता, करार न करता एक डॉलरही पाठवू नका. एजंटाचे नाव आणि फोन नंबर सीईएच्या सार्वजनिक यादीत आहे का ते तपासा. फोन नंबर जुळलाच पाहिजे, कारण भामटे खऱ्या एजंटांची नावे वापरतात. एचडीबीच्या भाड्याचे पैसे एजंटाने हाताळायचेच नाहीत असा नियम आहे. पैसे मालकाच्या खात्यात, मालकाच्या नावावर. मालक खरा की नाही ते काही डॉलर भरून जमिनीच्या सरकारी नोंदीत बघता येते. आणि सीईएच्या संकेतस्थळावर भाडेकराराचा नमुना आहे, सामानाच्या यादीसकट. मालकाने दिलेला करार त्याच्या शेजारी ठेवून वाचला की कुठले कलम जास्तीचे ते लगेच दिसते.

बेडोकच का, असे विचारणाऱ्यांसाठी. पावणेतीन लाखांहून अधिक वस्तीचे हे जुने, नांदते गाव. माझे ऑफिस चांगी बिझनेस पार्कात. हिरव्या लाइनने तानाह मेराहला बदलून एक्स्पो फक्त दुसरे स्टेशन. २०१७ च्या ऑक्टोबरात डाउनटाउन लाइन आली आणि बेडोक नॉर्थ, बेडोक रिझर्व्हॉयर ही स्टेशने मिळाली. तिथून लिटल इंडिया गाडी न बदलता गाठता येते, फक्त गाडी मध्ये प्रदक्षिणा घालून जाते. मी जालान बसारला उतरून पायी जाते, पिशव्या रिकाम्या असतात तोवर. जून २०२४ पासून बेशोरलाही थॉमसन-ईस्ट कोस्ट लाइनचे स्टेशन आहे, त्यामुळे समुद्राकडची घरे आता पूर्वीइतकी आडबाजूला राहिली नाहीत, आणि भाडीही. चाय चीला भारतीय अभ्यासक्रमाची शाळा आहे, त्यामुळे त्या पट्ट्यात मराठी ऐकू येते.

घर बघायला जाल तेव्हा संध्याकाळी चारला जा. सकाळी सगळीच घरे गार असतात. पश्चिमेचे ऊन बेडरूमच्या भिंतीवर पडत असेल तर वीजबिलात ते दर महिन्याला दिसते. कपाटांच्या मागे, न्हाणीघराच्या छताला बुरशीचे काळे डाग बघा. आमच्या लेकीचा खोकला मास्टर बेडरूमच्या दिवसांत तीन महिने हटत नव्हता, तो कपाट सरकवल्यावर उलगडला. जुन्या ब्लॉकमध्ये पूर्वी लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नसे. २००१ पासून सरकारने लिफ्ट सुधारणा योजना राबवून बहुतेक ठिकाणी हे दुरुस्त केले, तरी घरात कुणाचे गुडघे दुखत असतील तर दारापर्यंत स्वतः चालून बघा. सासूबाईंसाठी आम्ही एक चांगले घर केवळ अर्ध्या जिन्यापायी सोडले. लढाऊ विमानांचा आवाज बेडोकभर येतो, त्याला इलाज नाही, सवय होते. स्वयंपाकघर उघडे, हॉलला लागून असेल तर फोटोत सुंदर दिसते. फोडणीनंतर सोफ्यालाही हिंगाचा वास येतो. जुन्या थ्री-रूममधले मागच्या बाजूचे, खिडकीवाले, बंद स्वयंपाकघर आपल्या लोकांसाठी फार सोयीचे.

आणि तुळस. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साठू देऊ नका. डेंगीच्या डासांच्या अळ्या सापडल्या तर २०० डॉलर दंड होतो, आणि तो कुणी मालकाकडून वसूल करीत नाही. सासूबाईंनी ताटलीत वाळू भरून ठेवली आहे. तपासायला आलेल्या एनईएच्या बाई ती बघून खूश झाल्या आणि ही कसली झाडे म्हणून विचारू लागल्या. त्यांना खोकल्याच्या काढ्याची कृती समजावून सांगण्यात अर्धा तास गेला.

२०२५ च्या सप्टेंबरात आमचा करार पुन्हा दोन वर्षांसाठी केला. मास्तरांनी २,८५० म्हटले, मी माझे छापील कागद काढले, २,७५० वर जमले. स्टॅम्प ड्यूटी २६४. एजंट कोणीच नव्हता, फक्त चहा.

गणपतीतल्या त्या मुलीचा पुढच्या आठवड्यात फोन आला. बेडोक नॉर्थचाच तो थ्री-रूम, २,६५० ला ठरतोय, कोटा शिल्लक आहे, पत्रात परतीचे वाक्य आहे. "पण ताई, मालकीणबाई विचारतायत, हेवी कुकिंग करता का? काय सांगू?"

मी म्हटले, "खरं ते सांग. आणि एक्झॉस्ट फॅन बसवून देतील का ते विचार."